शब्द तुमचे, अर्थ दुसऱ्याचा: अमेरिकी संसदेला खुले पत्र

प्रति,
प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांचे सर्व सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन डी. सी.

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारे आम्ही अमेरिकेत राहणारे मराठी भाषक आहोत. काही जण नागरिक आहेत, काही ग्रीन कार्डावर आहेत आणि बरेच जण अजून त्याच्या रांगेत आहेत. कर मात्र सगळेच भरतात. पत्र मराठीत आहे, कारण तुमच्याबरोबरच आमच्या भाषेतल्या वाचकांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांकडे वेगळी पाठवत आहोत. (मराठी वाचकांसाठी एक खुलासा: इथल्या संसदेचे नाव काँग्रेस आहे. पक्षाशी घोटाळा नको म्हणून पुढे सगळीकडे संसद असेच म्हटले आहे.)

पत्र आत्ताच का, तेही सांगतो. २ सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात अमेरिकी सैन्याने बोटी उडवायला सुरुवात केली. अमली पदार्थ नेणाऱ्या बोटी, असे कारण देण्यात आले. तुमच्याच १९७३ च्या कायद्यानुसार ६० दिवसांत तुमची परवानगी मिळायला हवी होती, नाहीतर कारवाई थांबायला हवी होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मुदत संपली. तेव्हा प्रशासनाने कळवले की ही त्या कायद्याच्या अर्थाने लढाईच नाही, त्यामुळे मुदत लागू होत नाही. त्याआधी ८ ऑक्टोबरला सिनेटमध्ये ही कारवाई रोखण्याचा ठराव आला होता. तो ४८ विरुद्ध ५१ मतांनी पडला. ४ जुलै २०२६ ही तारीख तुमच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या २५० व्या वर्षाची. त्या वर्षाच्या तोंडावर हे घडले आणि तुम्ही गप्प राहिलात. आम्हाला गप्प राहणे जमले नाही.

आमचे आणि अमेरिकेच्या मूल्यांचे नाते कालचे नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. गुलामांना मुक्त करताना त्या लोकांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीचा तो सन्मान होता, आणि आपल्या देशातल्या लोकांनीही तसेच वागावे ही आशा होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्यांमधून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि नुकतेच स्वतंत्र झालेले कृष्णवर्णीय मतदार उघड्यावर पडले. त्यांना मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्येच झाली होती. ती अमलात आणणारा मतदान हक्क कायदा तुम्ही १९६५ मध्ये केला. तोवर जोतीरावांना जाऊन पंचाहत्तर वर्षे झाली होती.

मधल्या काळात आमच्या लोकांनाही या देशाने दोन धडे दिले. पहिला धडा १९१७ चा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या गदर चळवळीतल्या हिंदी माणसांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला. इंग्रज राजाविरुद्ध बंड करून जन्मलेल्या देशाने, इंग्रज राजाविरुद्ध बंड करू पाहणाऱ्यांना आपल्या तटस्थतेच्या कायद्याखाली शिक्षा दिल्या. दुसरा धडा १९२३ चा, आणि या पत्राचा धागा तिथूनच सुरू होतो. त्या वेळी नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना मिळू शकत असे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, म्हणून तू बसत नाहीस. मग भगतसिंग थिंड आले. त्या काळच्या मानववंशशास्त्रानुसार आपण कॉकेशियन आहोत, असे त्यांनी मांडले. बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच न्यायालयाने सांगितले की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या हिंदी माणसांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. खुद्द पंडितांवरही तशी कारवाई सुरू झाली. त्यांनी ती न्यायालयात हाणून पाडली. दार पुन्हा उघडले ते १९४६ मध्ये, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० माणसांपुरतेच.

कायद्यातला शब्द तोच राहिला, अर्थ मात्र तीन महिन्यांत फिरला. आमची सगळी तक्रार याच प्रकाराविरुद्ध आहे. तुमचे सरकार कायदा उघडपणे मोडते असे फार वेळा होत नाही. ते त्यातला एखादा शब्द उचलते, त्याचा कीस पाडते आणि हवा तेवढाच अर्थ शिल्लक ठेवते. तो शब्द ज्यांनी लिहिला ते तुम्ही, ‘आमचा अर्थ हा नव्हता’ असे ठामपणे म्हणत नाही. लाखो माणसांचे जगणे-मरणे या एवढ्याशा फटीतून ठरते.

लढाई या शब्दाबद्दल

युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने तुम्हाला दिला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. तो तुम्ही शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध. कोरियाचे युद्ध झाले ते घोषणेविना. व्हिएतनामसाठी ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी झाला, आणि त्या एका ठरावावर वर्षानुवर्षे युद्ध चालले. त्यातून शहाणे होऊन तुम्ही ७ नोव्हेंबर १९७३ ला निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकार कायदा केला. सैन्य लढाईत उतरवले तर ४८ तासांत अहवाल, ६० दिवसांत संसदेची परवानगी, आणि ती नसेल तर माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस.

हा कायदा कुठे फसतो ते तुमच्या समित्यांना पक्के ठाऊक आहे. तरी वाचकांसाठी लिहितो. ६० दिवसांची मोजणी सुरू होते ती एका विशिष्ट उपकलमाखालच्या अहवालाने. राष्ट्राध्यक्ष अहवाल पाठवतात खरे, पण ‘या कायद्यानुसार’ असे न लिहिता ‘या कायद्याशी सुसंगत राहून’ असे लिहितात. त्या नेमक्या उपकलमाचा उल्लेख आजवर एकाच अहवालात झाला, १९७५ मध्ये मायाग्वेझ जहाजाच्या प्रकरणात, आणि तोवर ती कारवाई संपलीही होती. दुसरी फट ‘हॉस्टिलिटीज’ म्हणजे प्रत्यक्ष लढाई या शब्दाची. कायद्यात त्याची व्याख्याच नाही. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बहल्ले चालू असताना २० मे रोजी ६० दिवस भरले. ओबामा प्रशासनाने सांगितले की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, समोरून गोळीबार होत नाही, आपल्या माणसांना धोका कमी आहे, म्हणून ही लढाई नव्हे. न्याय खात्यातल्या आणि पेंटॅगॉनमधल्या वरिष्ठ कायदेतज्ज्ञांचे मत उलट होते. ते बाजूला ठेवले गेले. २०२५ मध्ये बोटींसाठी हाच युक्तिवाद पुन्हा आला. एका पक्षाने पाडलेली वाट दुसऱ्या पक्षाने वापरली. त्यामुळे हे पत्र कोणा एका पक्षाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

या अर्थाचा परिणाम नीट पाहा. मरणारा एकाच बाजूचा असेल तर ती लढाई नाही, असे तो सांगतो. विमान जितके उंच, ड्रोन जितका दूर, तितका तुमचा अधिकार कमी.

तुम्ही तिसरी फट २००१ मध्ये स्वतःच्या हाताने पाडलीत. १८ सप्टेंबर २००१ च्या लष्करी बळाच्या अनुमतीचा मूळ मजकूर इंग्रजीत अवघा ६० शब्दांचा आहे. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एकमेव विरोधी मत बार्बरा ली यांचे होते. ११ सप्टेंबरचा हल्ला करणाऱ्यांवर आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांवर बळ वापरता येईल, एवढेच त्यात आहे. ‘संलग्न शक्ती’, म्हणजे त्या हल्लेखोरांशी जोडलेल्या इतर संघटना, हे शब्द त्यात नाहीत. ते नंतर वकिलांनी आणले. त्यांच्या आधाराने सोमालियातल्या अल शबाबवर आणि सीरिया-इराकमधल्या आयसिसवर हल्ले झाले, आणि या संघटना ११ सप्टेंबरला या नावारूपात अस्तित्वातही नव्हत्या. ४ ऑक्टोबर २०१७ ला नायजरमधल्या टोंगो टोंगो गावाजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले. तिथे आपले एवढे सैन्य आहे हे माहीत नव्हते, असे त्यानंतर काही सिनेटरांनीच जाहीरपणे सांगितले. सैनिक कुठे मरत आहेत हे सिनेटला माहीत नसेल, तर युद्धाचा अधिकार उरला कोणाकडे?

शस्त्रांबद्दल

या मुद्द्यावर आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण आमच्या करातून जाणारा पैसा आणि परक्या मुलांचे मृत्यू यांतले अंतर इथे सगळ्यांत कमी आहे.

आमच्या पिढ्यांना १९७१ आठवते. पूर्व पाकिस्तानात लष्कराने माणसे कापली, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ढाक्यातले तुमचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनला असहमतीची तार पाठवली. तिच्यावर २० अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. आपले सरकार लोकशाहीच्या दडपणुकीचा निषेध करत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले होते. ब्लड यांना तिथून हलवले गेले. डिसेंबरमध्ये निक्सन आणि किसिंजर यांनी जॉर्डनकडची एफ-१०४ विमाने पाकिस्तानकडे वळवू दिली. अमेरिकेने दिलेली शस्त्रे अशी तिसऱ्या देशाला देणे कायद्यात बसत नाही, असे परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या वकिलांनी आधीच सांगितले होते. तुमच्याच सरकारने पुढे प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजांत हे सगळे छापलेले आहे.

तेव्हाच्या आणि त्यानंतरच्या अनुभवांतून १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आला. त्याची रीत अशी: मोठी लष्करी सामग्री १ कोटी ४० लाख डॉलरपासून पुढची असेल, किंवा एकूण सौदा ५ कोटी डॉलर वा त्याहून मोठा असेल, तर प्रशासनाने तुम्हाला औपचारिक सूचना द्यायची. सर्वसाधारण देशांसाठी ३० दिवस थांबायचे. नाटोतले देश आणि काही जवळचे मित्रदेश यांच्यासाठी ही मर्यादा वाढीव आहे आणि मुदत १५ दिवसांची. या मुदतीत तुम्ही नामंजुरीचा संयुक्त ठराव करू शकता. सिनेटमध्ये १० दिवसांनंतर कोणताही एक सदस्य तो ठराव समितीतून बाहेर काढण्यासाठी मतदान घडवू शकतो. प्रतिनिधिगृहात तशी सोय नाही, तिथे समितीच्या अध्यक्षाने मनावर घेतले तरच काही होते.

कागदावर हे भक्कम दिसते. प्रत्यक्षात या मार्गाने एकही सौदा आजवर थांबलेला नाही. कारण सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा चढ्ढा खटल्यातला निकाल. त्यानंतर तुमच्या नामंजुरीवरही राष्ट्राध्यक्षांची सही लागते. आपल्याच सौद्याची नामंजुरी ते सही करून मान्य कशी करतील? ते नकाराधिकार वापरतात आणि मग तुम्हाला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे सौदा करायला साधे बहुमतही लागत नाही, तो रोखायला मात्र दोन तृतीयांश.

त्यात ‘आणीबाणी’ हा शब्द आहे. ९ ऑगस्ट २०१८ ला येमेनच्या सादा प्रांतात दाह्यान इथे शाळकरी मुलांच्या बसवर सौदी आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला. ४० मुले मेली. शस्त्रतज्ज्ञांनी तुकड्यांवरून तो अमेरिकी बनावटीचा एमके-८२ असल्याचे ओळखले. त्यानंतर तुमच्यातल्या काहींनी सौदे अडवून धरले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण २४ मे २०१९ ला प्रशासनाने इराणच्या धोक्यामुळे आणीबाणी असल्याचे जाहीर केले आणि सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि जॉर्डन यांच्यासाठीचे सुमारे ८१० कोटी डॉलरचे २२ व्यवहार तुमचा कालावधी ओलांडून पुढे नेले. तुम्ही ठराव केलेत, जुलैमध्ये तीन ठरावांवर नकाराधिकार आला, आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या प्रशासनाने इस्रायलला रणगाड्यांचा दारूगोळा देताना हेच कलम वापरले.

लेही कायदा तुमच्या कायद्यांतला आम्हाला सर्वांत आवडणारा कायदा आहे. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी १९९७ मध्ये तो आणला. परक्या देशाच्या सुरक्षा दलातल्या ज्या तुकडीने मानवी हक्कांचे घोर उल्लंघन केल्याची विश्वसनीय माहिती आहे, तिला अमेरिकी मदत मिळणार नाही, इतका सरळ. पद्धतही चांगली आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, जन्मतारीख, तुकडी यांची आधी वकिलातीत आणि मग वॉशिंग्टनमध्ये तपासणी होते. छोट्या देशांच्या पोलिस अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही चाळणी चालते, अर्ज खरोखर नाकारले जातात. पण मोठ्या देशांना शस्त्रे ढिगाने जातात. कोणता बॉम्ब कोणत्या तुकडीकडे गेला याचा माग राहत नाही, आणि तुकडी ठरली नाही तर चाळणी लावायची कशाला? याहून मोठे भगदाड असे की कायदा ‘मदती’ला लागू आहे, विक्रीला नाही. जो देश स्वतःच्या पैशाने शस्त्रे विकत घेतो, त्याच्यासाठी लेही कायदा नाहीच. छळ करणारी तुकडी श्रीमंत देशाची असेल तर तिला सूट, गरीब देशाची असेल तर बंदी, असा भेद तुम्हाला अभिप्रेत होता का?

इजिप्तचे उदाहरण तर शब्दाच्या खेळाचा नमुना आहे. निवडून आलेले सरकार लष्करी उठावाने उलथले तर मदत थांबवावी, असे तुमचा खर्चाचा कायदा सांगतो. जुलै २०१३ मध्ये कैरोत लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना हटवले. प्रशासनाने काय केले? हा उठाव होता की नव्हता हे ठरवण्याचे आपल्यावर कायदेशीर बंधन नाही, असे म्हटले आणि ते ठरवलेच नाही. उठाव झाला असेही म्हटले नाही आणि झाला नाही असेही नाही. इजिप्तला दरवर्षी १३० कोटी डॉलरची लष्करी मदत जाते. तिच्यातल्या ३२ कोटींवर तुम्ही मानवी हक्कांच्या अटी घातल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये काही भाग प्रमाणपत्राने आणि बाकीचा राष्ट्रहिताच्या नावाने सूट देऊन, असा पूर्ण मोकळा केला गेला. याउलट नायजरमधल्या जुलै २०२३ च्या उठावाला ऑक्टोबरमध्ये अधिकृतपणे उठाव म्हटले गेले. नायजरच्या लोकांनी यातून अमेरिकी मूल्यांबद्दल काय समजावे?

कैद आणि छळ

परदेशात ताणलेले शब्द घरी परत येतात. १ ऑगस्ट २००२ च्या न्याय खात्याच्या टिपणात ‘छळ’ या शब्दाचा अर्थ असा लावला गेला की अवयव निकामी होण्याइतकी किंवा मृत्यूइतकी तीव्र वेदना असेल तरच तो छळ. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार याच देशाने १९९४ मध्ये मंजूर केला होता. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने ९ डिसेंबर २०१४ ला दिलेल्या सारांशानुसार सीआयएने ११९ जणांना कोठडीत ठेवले आणि त्यांतले किमान २६ जण सीआयएच्या स्वतःच्या निकषांतही बसत नव्हते. मूळ अहवाल ६,७०० पानांहून मोठा आहे. लोकांसमोर आली ती सुमारे ५०० पाने. उरलेला अहवाल तुमच्याच सिनेटचे काम आहे आणि तो तुमच्याच नागरिकांना वाचता येत नाही.

क्यूबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात ११ जानेवारी २००२ पासून सुमारे ७८० माणसे नेली गेली. नऊ जण तिथेच मेले. जानेवारी २०२५ मध्ये १५ उरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २००८ ला त्यांना दाद मागण्याचा हक्क दिला. पण त्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणून खटला चालवण्यासाठी पैसा वापरू नये, ही अट जानेवारी २०११ पासून संरक्षण खर्चाच्या कायद्यात तुम्हीच घालत आला आहात. इथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येणार नाही.

आमचे घरचे फोन

परकीय गुप्तवार्तेसाठी पाळत ठेवण्याच्या कायद्यातले (फिसा) कलम ७०२ हा आमच्या दैनंदिन जगण्याचा विषय आहे. २००८ च्या या तरतुदीनुसार देशाबाहेरच्या परक्या व्यक्तीचे फोन, ई-मेल, संदेश वॉरंटशिवाय गोळा करता येतात. विशेष न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धती मंजूर करते, माणसागणिक आदेश लागत नाही. ती व्यक्ती गुन्हेगार असण्याचीही गरज नाही, परराष्ट्रविषयक माहितीशी संबंध असल्याचे कारण पुरते. अशा व्यक्तीशी बोलणारा अमेरिकी नागरिक असला तर त्याचे बोलणेही साठ्यात जाते, आणि पुढे एफबीआय त्या नागरिकाचे नाव टाकून वॉरंटशिवाय तो साठा धुंडाळू शकते. ज्या कुटुंबांचे अर्धे घर साताऱ्यात किंवा मडगावात आहे, त्यांच्या बोलण्याची एक बाजू कायमच परकी असते. इतर नागरिकांना क्वचित लागू होणारी गोष्ट आम्हाला रोज लागू होते.

ही भीती हवेतली नाही. सरकारच्या स्वतःच्या आकड्यानुसार २०२१ मध्ये असे शोध ३४ लाखांपर्यंत होते. नियम कडक झाल्यावर २०२३ मध्ये ते ५७,०९४ वर आले. न्यायालयाच्या खुल्या झालेल्या आदेशात एका संसदीय उमेदवाराला देणगी देणाऱ्या १९,००० जणांची नावे एकगठ्ठा शोधल्याची नोंद आहे. म्हणजे तुमच्या मतदारसंघातली माणसेही सुटलेली नाहीत. १२ एप्रिल २०२४ ला अशा शोधासाठी वॉरंट बंधनकारक करणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशी बरोबरी होऊन पडली. एका मताने.

आक्रमण या शब्दाबद्दल

परकीय शत्रू कायदा १७९८ चा आहे. घोषित युद्ध, किंवा परक्या राष्ट्राने वा सरकारने केलेले वा करू घातलेले आक्रमण किंवा लुटारू घुसखोरी, असेल तरच तो वापरता येतो. मार्च २०२५ मध्ये एका व्हेनेझुएलन गुन्हेगारी टोळीची कृत्ये हेच आक्रमण, असे ठरवून शंभराहून अधिक माणसांना त्याच्या आधारे एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले गेले. आपण त्या टोळीतले नाही, हे न्यायाधीशासमोर सांगण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी सूचना आणि दाद मागण्याची संधी दिलीच पाहिजे. १६ मे रोजी २४ तासांची तोकडी सूचना पुरेशी नाही, असेही सांगितले. गेलेले मात्र गेलेच होते.

दुसऱ्या महायुद्धात हाच कायदा जपानी, जर्मन, इटालियन रहिवाशांवर वापरला गेला. शिवाय १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले दोन तृतीयांश याच देशाचे नागरिक होते. त्याबद्दल १९८८ मध्ये कायदा करून तुम्ही माफी मागितलीत, प्रत्येक हयात माणसाला २०,००० डॉलर दिलेत, आणि वंशद्वेष, युद्धज्वर व राजकीय नेतृत्वाचे अपयश ही कारणे कायद्यातच नोंदवलीत. तो कायदा वाचताना आजही या देशाबद्दल आदर वाटतो. फक्त त्याला ४६ वर्षे लागली.

ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल थोडेच लिहितो, कारण वरच्या गोष्टींपुढे ती लहान आहे. १९६५ मध्ये तुम्ही राष्ट्रमूळावरचा कोटा रद्द केलात. पण रोजगाराच्या १,४०,००० वार्षिक ग्रीन कार्डांवर आजही दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती मोजतात जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. पुण्यात जन्मलेला कॅनडाचा नागरिकही भारताच्याच रांगेत उभा राहतो. तो वाट पाहत असतानाच त्याची मुले २१ वर्षांची होतात आणि रांगेतून बाहेर पडतात.

आम्हाला कोणी विचारेल की भारत सरकारच्या वागण्याबद्दल तुम्ही का बोलत नाही. त्याबद्दलही प्रश्न आहेत आणि ते भारताच्या संसदेला विचारायचे आहेत. इथला कर इथे जातो, म्हणून इथला हिशेब तुमच्याकडे मागतो.

आमच्या मागण्या अशा:

युद्धाधिकार कायद्यात ‘लढाई’ची व्याख्या लिहा. हवाई हल्ले, ड्रोन आणि नौदलाचे मारे तिच्यात नावानिशी असू द्या, मग समोरून उत्तर मिळो वा न मिळो. ६० दिवसांनी परवानगी नसेल तर निधी आपोआप थांबू द्या. अचानक झालेला हल्ला परतवायला हा काळ पुरेसा आहे.

२००१ ची अनुमती रद्द करा. नवी लागलीच तर तिच्यात शत्रूचे नाव, देश आणि दोन वर्षांची मुदत हवी.

मोठ्या शस्त्रविक्रीला नामंजुरीऐवजी मंजुरी लागेल असे करा. २०२१ मध्ये मर्फी, ली आणि सँडर्स या सिनेटरांनी आणलेल्या विधेयकात हा मार्ग होता. तीन सदस्य, तीन वेगळ्या विचारांचे. आणीबाणीचे कलम वापरले तर ३० दिवसांत तुमचे मतदान व्हावे.

लेही कायदा विक्रीलाही लावा, आणि शस्त्र कोणत्या तुकडीकडे जाणार हे आधी कळल्याशिवाय ते पाठवू नका. लष्करी उठाव झाला की ३० दिवसांत ‘होय’ किंवा ‘नाही’ लेखी सांगणे बंधनकारक करा.

ग्वांतानामोतल्या कैद्यांना आणण्यावरची निधीबंदी पुढच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकातून वगळा. छळाचा पूर्ण अहवाल, माणसांचा जीव धोक्यात येईल तेवढीच नावे झाकून, प्रसिद्ध करा.

कलम ७०२ च्या साठ्यात नागरिकाचे नाव शोधायला वॉरंट लागेल अशी दुरुस्ती पुन्हा मतदानाला आणा. १७९८ चा कायदा रद्द करा. देशानुसारची ७ टक्के मर्यादा रोजगाराच्या ग्रीन कार्डांवरून काढा.

प्रत्येक सदस्याच्या कार्यालयाने या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे ९० दिवसांत लेखी कळवावे अशी विनंती आहे. आलेली उत्तरे आणि त्यानंतरचे तुमचे प्रत्येक मतदान आम्ही मराठीत आणि इंग्रजीत जसेच्या तसे प्रसिद्ध करू. न आलेल्या उत्तरापुढे ‘उत्तर नाही’ असे लिहू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अमेरिकेतील काही मराठी भाषक नागरिक आणि रहिवासी